दुर्गाचे त्रेपन्न दिवस: गोठवलेला भ्रूण आणि पुढचं आयुष्य

बाळाच्या पहिल्या तपासणीला मी कार्डावर एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवते: गर्भधारणा कशी झाली? छापील कार्डात हा रकाना नसतो. जन्मवजन असतं, दिवस पूर्ण भरले होते का ते असतं, नॉर्मल की सिझेरियन, जन्मल्याबरोबर रडलं का, हेही असतं. मी विचारलं की आईबाबा एकमेकांकडे बघतात, आजी बाहेरच्या बाकावरच आहेत ना याची खात्री करून घेतात आणि हळू आवाजात सांगतात, "मॅडम, फ्रोझन ट्रान्सफर होतं. घरी कुणाला माहीत नाही." म्हणजे शरीराबाहेर तयार केलेला भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला होता. त्यानंतर येणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "गोठवलेलं होतं, म्हणून याला पुढे काही होणार नाही ना?"

उत्तर एका वाक्यात देता येतं, आणि घाईच्या दिवशी मी ते देतेही. पण हा प्रश्न मनापासून समजून घ्यायचा असेल तर एका मुलीचं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं असं मला वाटतं. ती कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मली. नवरात्र बसण्याचा सुमार होता, म्हणून तिला दुर्गा म्हटलं गेलं. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला २५ जुलै १९७८ रोजी जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी ही दुसरी. ओल्डहॅमच्या मुलीपेक्षा तिच्यात एक गोष्ट वेगळी होती. आठ पेशींची असताना दुर्गा त्रेपन्न दिवस गोठलेल्या अवस्थेत होती.

डॉक्टरांनी काय केलं

डॉ. सुभाष मुखोपाध्याय, ज्यांना आपण मुखर्जी म्हणतो, १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला जन्मले. वैद्यकीय शिक्षण कोलकात्यात, एक डॉक्टरेट कोलकाता विद्यापीठाची आणि दुसरी १९६७ मध्ये एडिनबराची, तीही प्रजननाशी संबंधित संप्रेरकांवर. ते शरीरक्रियाशास्त्र शिकवत. दुर्गाच्या प्रयोगात त्यांच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि जादवपूर विद्यापीठातले शीतजीवशास्त्राचे जाणकार प्रा. सुनीत मुखर्जी होते. गोठवण्याची बाजू प्रा. मुखर्जींनी सांभाळली.

दुर्गाच्या आईच्या बीजवाहिन्या निकामी होत्या. इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या बाळासाठी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी नैसर्गिक चक्रातलं एकच स्त्रीबीज मिळवून काम भागवलं होतं. मुखर्जींनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन अंडाशयातून एकाहून अधिक बीजं पिकवली आणि ती पोटाऐवजी योनिमार्गातून छोटा छेद घेऊन काढली. आज प्रत्येक आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करवणाऱ्या, केंद्रात इंजेक्शनंही दिली जातात आणि बीजही योनिमार्गातूनच, सोनोग्राफीच्या आधाराने सुईने काढतात. माझ्या मते त्यांच्या शहाणपणाची खरी खूण पुढच्या पायरीत आहे. इंजेक्शनांनी संप्रेरकांची पातळी इतकी चढते की त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूणाला नीट स्वीकारत नाही, हे त्यांना शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून ठाऊक होतं. म्हणून भ्रूण लगेच न सोडता गोठवून ठेवायचा आणि इंजेक्शनांचा अंमल उतरला की पुढच्या नैसर्गिक चक्रात सोडायचा, असा त्यांचा विचार होता. आज "फ्रीज ऑल" नावाने जी पद्धत जगभर चालते तिचं तर्कशास्त्र हेच आहे.

गोठवण्यात अडचण पाण्याची असते. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढला की तो पचपचीत होतो, कारण आतल्या पाण्याच्या बर्फाने पेशी फाटलेल्या असतात. भ्रूणाच्या पेशीचं तेच होतं. त्यावर उपाय म्हणून पेशीतलं बरंचसं पाणी आधी बाहेर काढतात आणि त्याच्या जागी बर्फ होऊ न देणारं द्रव्य आत जाऊ देतात. मुखर्जींनी त्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, वापरलं. उंदरांचे भ्रूण याच द्रव्यात, मिनिटाला अंशभर अशा संथ गतीने गोठवून पुन्हा जिवंत करता येतात, हे व्हिटिंगहॅम, लिबो आणि मेझर यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. त्यानंतर सहा वर्षांनी कोलकात्यात ते माणसाच्या भ्रूणावर झालं. १९७८ मध्येच इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्समध्ये या तिघांचा त्याविषयीचा छोटा लेख आला. तो वैद्यकीय नियतकालिकात आला असता तर कदाचित पुढचं बरंच टळलं असतं.

पुढे जे झालं ते वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रेडिओभौतिकीचे प्राध्यापक होते, आणि कृत्रिम गर्भधारणेचा अनुभव असलेलं त्या समितीत कुणीच नव्हतं. समितीने हा दावा खोटा ठरवला. जपानमध्ये जाऊन काम मांडायची परवानगी मुखर्जींना मिळाली नाही. बदल्या होत राहिल्या आणि शेवटची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात पाठवलं गेलं. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

दुर्गाच्या आईवडिलांनी नाव उघड होऊ द्यायला नकार दिला होता आणि मुखर्जींनी अखेरपर्यंत तो शब्द पाळला. आजी बाहेर आहेत ना हे बघणारे आईबाबा समोर बसलेले असतात तेव्हा मला हे हटकून आठवतं. मूल लपवण्यामागची भीती पंचेचाळीस वर्षांत फारशी बदललेली नाही.

परळहून कोलकात्याला

या प्रकरणात मुंबईचं येणं फार वेगळ्या पद्धतीचं आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली आणि भारताची पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. त्या कामामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार होते. १९९७ मध्ये आनंदकुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे मुखर्जींची हस्तलिखित टिपणं आणि कागदपत्रं त्यांच्या हाती आली. बीजं कशी पिकवली, कधी काढली, किती पेशींवर गोठवली, किती दिवसांनी सोडली, हे सगळं त्यात होतं. आनंदकुमारांनी ते तपासलं, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले आणि परत येऊन करंट सायन्समध्ये लेख लिहिला. भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी आहेत, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं. पहिलेपणाचा मान आनंदकुमारांच्या स्वतःच्या नावावर होता. तो त्यांनी आपल्या हाताने उतरवून दुसऱ्याला दिला. आपल्याकडच्या विज्ञानात याहून मोठ्या मनाची कृती मला सांगता येणार नाही.

२००३ मध्ये, पंचवीस वर्षांची झाल्यावर, दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. धडधाकट, शिकलेली तरुणी होती ती.

तर मग "पुढे काही होणार नाही ना?" याचं उत्तर मिळालं का?

अर्धंच मिळालं. दुर्गाने एवढं सिद्ध केलं की गोठून पुन्हा वितळलेल्या आठ पेशींतून पूर्ण, निरोगी माणूस घडू शकतो. १९८४ मध्ये मेलबर्नला जन्मलेल्या झोई नावाच्या मुलीने हेच पुन्हा दाखवलं, आणि बाकीच्या जगाने गोठवलेल्या भ्रूणाचं पहिलं मूल म्हणून तिचीच नोंद केली. पण एखादा आजार हजारात दोन मुलांना होत असेल आणि गोठवल्यामुळे तो हजारात तीनांना होऊ लागला, तर ते एका दुर्गाकडे बघून कळणार नाही, शंभर दुर्गांकडे बघूनही नाही. त्यासाठी हजारो मुलांची वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि प्रत्येक मुलासमोर "हे गोठवलेल्या भ्रूणाचं" असं खरं लिहिलेलं असावं लागतं.

अशा नोंदी उत्तर युरोपात आहेत. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या देशांत प्रत्येकाला जन्मापासून एक क्रमांक मिळतो. आयव्हीएफची नोंद, जन्माची नोंद, कर्करोगाची नोंद, शाळेच्या परीक्षेचे गुण, हे सगळं त्या क्रमांकावरून जोडता येतं. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

गुटगुटीत बाळ

सर्वांत पक्का निष्कर्ष वजनाचा आहे. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेली बाळं ताज्या, म्हणजे न गोठवता त्याच महिन्यात सोडलेल्या, भ्रूणापासून झालेल्या बाळांपेक्षा सरासरीने शंभर ते दोनशे ग्रॅमने जड असतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला हिशोब असा: आठवड्यांच्या मानाने लहान राहिलेली बाळं गोठवलेल्या गटात सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी, दिवसाआधी जन्मणारी थोडी कमी, आणि आठवड्यांच्या मानाने मोठी बाळं मात्र दीडपट.

यातला पहिला भाग ऐकून सगळे खूश होतात. घरात बाळ गुटगुटीत म्हणजे बाळ चांगलं, हे आपल्या हाडीमांसी आहे. पण आठवड्यांच्या मानाने मोठं बाळ म्हणजे प्रसूतीत जास्त अडचणी आणि जन्मानंतर साखर उतरण्याचा धोका. पुढे वजन आणि साखर यांचा कल कुठे जाईल हा प्रश्नही राहतोच. हा फरक आईवडिलांच्या प्रकृतीमुळे पडतो की गोठवण्याच्या पद्धतीमुळे, हे पाहण्यासाठी डेन्मार्कमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना झाली. तेच आईबाबा, एक मूल ताज्या भ्रूणापासून, दुसरं गोठवलेल्यापासून. गोठवलेल्यापासून झालेलं भावंड तरीही जड निघालं. म्हणजे कारण या पद्धतीतच कुठेतरी आहे.

आपल्याकडे या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, याबद्दल मी सावध असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती आणि तुलनेतली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण या हलक्या बाळांचं मांस कमी होतं, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. मधुमेहाची बीजं गर्भातच रुजतात, हे त्या गावांनी जगाला दाखवलं. अशा शरीरप्रकृतीच्या समाजात गोठवलेल्या भ्रूणाचं बाळ दीडशे ग्रॅमने जड झालं, तर ते दीडशे ग्रॅम हाडामांसाचे की चरबीचे, हे डॅनिश आकड्यांवरून ठरवता येत नाही. ते आपल्याच मुलांना मोजून ठरवावं लागेल.

आईचा रक्तदाब आणि पीतपिंड

मुलाच्या तब्येतीची गोष्ट आईपासून सुरू होते, म्हणून इथे मी जरा थांबते.

२०१६ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा संप्रेरकविकार, असलेल्या १,५०८ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं होतं. एका गटात ताजा भ्रूण सोडला, दुसऱ्यात सगळे भ्रूण गोठवून नंतर सोडले. गोठवलेल्या गटात जिवंत बाळ होण्याचं प्रमाण ४९.३ टक्के आणि ताज्या गटात ४२ टक्के निघालं. इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी भरण्याचा त्रास ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आला. हा फायदा फार मोठा आहे, कारण त्या त्रासाने बाई दगावूही शकते. पण त्याच चाचणीत प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार, ताज्या गटात १.४ टक्के होता आणि गोठवलेल्या गटात ४.४ टक्के.

असं का व्हावं? भ्रूण बर्फात होता म्हणून आईचं बीपी कसं वाढेल? याचा सगळ्यात पटणारा खुलासा गोठवण्यात सापडतच नाही, तो सापडतो त्यानंतरच्या महिन्यात. नैसर्गिक चक्रात बीज फुटून बाहेर पडलं की मागे राहिलेल्या जागेचा पिवळसर पिंड होतो. हा पीतपिंड गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तर बनवतोच, शिवाय रिलॅक्सिनसारखी, रक्तवाहिन्या सैल करणारी द्रव्यंही बनवतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईच्या रक्तवाहिन्या त्यांच्या मदतीने नव्या कामासाठी तयार होतात. बऱ्याच केंद्रांत मात्र भ्रूण सोडण्याचं चक्र पूर्णपणे गोळ्यांवर चालवतात: इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर वाढवायचं, मग प्रोजेस्टेरॉन द्यायचं. तारीख सोयीची ठरते, रविवारचं काम टळतं. पण त्या महिन्यात बीज फुटतच नाही, म्हणून पीतपिंडही होत नाही. गोळ्यांतून प्रोजेस्टेरॉन मिळतं, रिलॅक्सिन मिळत नाही. स्वीडनच्या नोंदींत गोळ्यांवरच्या चक्रात बीपीचा त्रास, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि अतिवजनी बाळं, तिन्ही नैसर्गिक चक्रापेक्षा जास्त निघाली.

आणि इथे मला पुन्हा मुखर्जी दिसतात. त्यांनी दुर्गाला नैसर्गिक चक्रात सोडलं होतं. अस्तर नैसर्गिक हवं म्हणून त्यांनी तसं केलं, पण त्यामुळे आईचा पीतपिंडही जागेवर राहिला. पाळी नियमित येत असलेल्या बाईने आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं, "माझं ट्रान्सफर नॅचरल सायकलमध्ये होईल का?" ज्यांची पाळी अनियमित असते, अनेक पीसीओएसवाल्यांची असते तशी, त्यांना ते नेहमी शक्य नसतं. त्यांनी बीपीवर डोळा ठेवायचा, आणि ॲस्पिरिनचा छोटा डोस लागतो का हे सुरुवातीच्या आठवड्यांतच स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायचं.

ज्या आकड्यांची सगळ्यांना भीती वाटते

कर्करोगाबद्दल कुणीतरी मोबाइलवर वाचून येतंच, म्हणून आकडे जसे आहेत तसे सांगते.

२०१९ मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेली ३,३५६ मुलं, त्यात १४ जणांना बालपणी कर्करोग झाला. इतर मुलांच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून जास्त होतं. पण चौदा हा आकडा इतका छोटा आहे की चारपाच मुलं इकडची तिकडे झाली तरी निष्कर्ष डळमळतो. म्हणून २०२२ मध्ये चारही देशांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. गोठवलेल्या भ्रूणाची २२,६३० मुलं, त्यात ४८ कर्करोग. वर्षाला एक लाख मुलांमागे हे प्रमाण सुमारे ३० येतं, तर नैसर्गिक गर्भधारणेच्या मुलांत सुमारे १७ आणि ताज्या भ्रूणाच्या मुलांत १९. फ्रान्सने २०२४ मध्ये सुमारे ८५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. एकूण कर्करोगात वाढ सापडली नाही, रक्ताच्या कर्करोगात मात्र गोठवलेल्या गटात थोडी वाढ दिसली.

हे मी आईबाबांना असं सांगते: त्या २२,६३० मुलांपैकी दर ४७० मुलांत एकाला कर्करोग झाला, ४६९ जणांना झाला नाही. धोका वाढलेला दिसतो, पण वाढूनही तो छोटाच राहतो. आणि वेगळी तपासणी करून तो आधी पकडता येईल अशी चाचणी नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त काढत बसू नका. मूल फिकट दिसू लागलं, अंगावर निळे डाग उठू लागले, ताप हटेना, तर दाखवायला आणा. हे मी कुठल्याही मुलाच्या आईला सांगेन.

हृदयाच्या जन्मजात दोषांचं चित्र वेगळं आहे. उत्तर युरोपाच्याच नोंदींत आयव्हीएफच्या मुलांत मोठे दोष १.८४ टक्के आणि इतरांत १.१५ टक्के होते. पण ताजा भ्रूण आणि गोठवलेला भ्रूण यांत फरक निघाला नाही, आणि जुळी-तिळी असली की प्रमाण वाढत होतं. याचं उत्तर गोठवणं थांबवण्यात नाही, एका वेळी एकच भ्रूण सोडण्यात आहे. आणि एकच सोडायचा तर बाकीचे गोठवून ठेवता यायला हवेत. गोठवण्याच्या तंत्राने मुलांच्या तब्येतीचं सर्वांत मोठं भलं इथेच केलं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. अपुऱ्या दिवसांत, सव्वा-दीड किलोची जन्मून काचेच्या पेटीत आठवडे काढणारी जुळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बुद्धी आणि विकास यांबद्दल तर मी आईबाबांना निश्चिंतपणे सांगते. डेन्मार्कमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे शाळेच्या परीक्षेतले गुण पाहिले. गोठवलेल्या आणि ताज्या भ्रूणाच्या मुलांत फरक नव्हता. व्हिएतनाममध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतल्या मुलांची वाढ पुढे तपासली, तीही दोन्ही गटांत सारखीच होती. उशिरा बोलणाऱ्या मुलाची आई "त्या गोठवण्यामुळे तर नाही ना?" म्हणून रडते तेव्हा मी तिला आधी हे सांगते, आणि मग कानांची तपासणी करायला पाठवते. अपराधीपणाच्या भावनेत कानांची तपासणी लांबते, हे मी पाहिलेलं आहे.

जे दुर्गावरून सांगता येत नाही

भ्रूणाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत जनुकांवरच्या बहुतेक रासायनिक खुणा पुसल्या जातात आणि त्यानंतर पुन्हा लिहिल्या जातात. कोणतं जनुक आईकडचं चालू ठेवायचं आणि कोणतं वडिलांकडचं, हे काही ठिकाणी यात न पुसता टिकून राहायला हव्यात अशा खुणांवरून ठरतं. वाढ करवणारं एक महत्त्वाचं जनुक त्यातच येतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाईमेंढ्यांच्या भ्रूणांतून अवाढव्य पिल्लं जन्मलेली आहेत आणि तिथे याच खुणा बिघडलेल्या सापडल्या. माणसांत इतकं टोकाचं क्वचित घडतं, पण बाळाचं वाढीव वजन याच वाटेने येत असेल का, ही शंका रास्त आहे. गोठवण्याची द्रव्यं, वितळवतानाचा ताण, प्रयोगशाळेतले वाढीव दिवस, गोळ्यांचं चक्र, असे सगळे धागे एकत्र गुंतलेले आहेत.

शिवाय तंत्रच बदललं. दुर्गा आठ पेशींवर, संथ गतीने गोठवली होती. आज पाचव्या दिवसाचा, शंभरावर पेशींचा ब्लास्टोसिस्ट दाट द्रव्यांत बुडवून क्षणार्धात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. पाण्याला बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं. वितळल्यावर जगण्याचं प्रमाण त्यामुळे खूप सुधारलं. पण त्याचा अर्थ असा की आज तिशी-चाळिशीत असलेली गोठवलेल्या भ्रूणांची पिढी जुन्या पद्धतीची आहे, आणि नव्या पद्धतीची मुलं अजून शाळा-कॉलेजात आहेत. पन्नाशीत त्यांच्या रक्तवाहिन्या कशा असतील हे त्यांना पन्नाशीपर्यंत पाहिल्यावरच कळेल.

किती काळ गोठवलं याची चिंता मात्र फार करू नये. उणे १९६ अंशांवर पेशीतल्या रासायनिक क्रिया थांबलेल्या असतात. अमेरिकेत २२ एप्रिल १९९२ रोजी गोठवलेल्या भ्रूणांपासून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी जुळी जन्मली. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने साठवणुकीला दहा वर्षांची मर्यादा आहे.

त्याच कायद्याने केंद्रांची राष्ट्रीय नोंदणीही आली. कोणत्या केंद्रात काय केलं याची नोंद झाली, तरी त्यातून जन्मलेलं मूल माझ्यासारखीच्या दवाखान्यात येतं तेव्हा ती नोंद सोबत येत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतली मुलं सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी परत बोलावून मोजता आली, म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं नाही. आयव्हीएफच्या मुलांसाठी असा एखादा अभ्यास महाराष्ट्रात उभा राहावा, निदान काही हजार मुलांचा, असं मला कळकळीने वाटतं. नाव गुप्त ठेवूनही तो करता येईल. क्रमांक पुरतो. आणि मूल अठराचं झालं की पुढे राहायचं की नाही हे त्यालाच विचारायचं, जसं दुर्गाने पंचविसाव्या वर्षी स्वतः ठरवलं.

तोवर मी माझ्या कार्डावर लिहून घेते. कोणत्या दिवसाचा भ्रूण, किती पेशी किंवा ब्लास्टोसिस्ट, कोणत्या तारखेला गोठवला, कोणत्या तारखेला सोडला, चक्र नैसर्गिक की गोळ्यांचं, आईचं बीपी किती चढलं होतं. आईबाबांना सांगते, आयव्हीएफ केंद्राचा डिस्चार्जचा कागद फाडू नका, लसीकरणाच्या फाइलमध्ये मागे लावून ठेवा. आजींना दाखवू नका हवं तर. मागच्या महिन्यात एका बाबांनी तो कागद घडी करून पाकिटातून काढला. बाळ दीड वर्षाचं झालं होतं, कागद घड्यांवर विरला होता, पण तारखा वाचता येत होत्या.